हवेतलं नेट घरी घेण्याआधी : दीड वर्षाचा आमचा अनुभव

मगरिबच्या नमाजीनंतर मशिदीच्या पायऱ्यांवर हल्ली आम्हाला एकच प्रश्न कुणी ना कुणी विचारतं. "सर, तुमच्याकडे ते हवेतलं नेट आहे ना? कसं चालतं? घेऊ का?" विचारणाऱ्याच्या घरी बहुतेक वेळा दहावी-बारावीचं मूल असतं, नाहीतर मुलगा किंवा भाऊ कुवेत, कतार, दुबईला असतो, नाहीतर दोन्ही. आम्ही उभ्या उभ्या "चांगलं आहे, पण..." एवढं म्हणतो. त्या 'पण'च्या पुढचं सांगायला इशाच्या अजानपर्यंतचा वेळही पुरत नाही. म्हणून एकदा सगळं लिहूनच काढतोय.

आमचं गाव खेड तालुक्यातलं, रत्नागिरी जिल्हा. जांभ्याची घरं, आंबा-फणसाची जुनी झाडं, पाठीमागे डोंगर. फायबरची तार मुख्य रस्त्याने पुढे निघून गेली, आत गावात वळली नाही. डिसेंबर २०२४ पर्यंत आमचं घर मोबाईलच्या हॉटस्पॉटवर चालत होतं. घरात माणसं सहा, फोन पाच, आणि रोज संध्याकाळी भांडण एकच : "माझं नेट कोणी संपवलं?" मग कंपनीचा एक मुलगा गावात आला आणि म्हणाला, तार नको, खड्डा नको, दोन तासांत बसवून देतो. आणि खरंच दोन तासांत बसवून दिलं. त्या बाबतीत तक्रार नाही.

हे नेमकं असतं काय?

आपल्या मोबाईलला ज्या टॉवरवरून रेंज येते, त्याच टॉवरवरून हे नेट येतं. फरक एवढाच की मोबाईलचा अँटेना खिशात असतो आणि याचा अँटेना घराबाहेर उंचावर, टॉवरकडे तोंड करून पक्का बसवलेला असतो. गच्चीवर किंवा खांबावर बसणारा हा पांढरा डबा टॉवरशी बोलतो. तिथून एक केबल घरात येते आणि राउटरला लागते. राउटर घरात वायफाय पसरवतो. देशात ५जी सुरू झालं १ ऑक्टोबर २०२२ ला, आणि २०२३ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात मोठ्या खासगी कंपन्यांनी याच ५जी वर चालणारं घरगुती ब्रॉडबँड आधी मोठ्या शहरांत आणलं. आमच्यासारख्या गावांत ते नंतर पोचलं.

'ब्रॉडबँड' या शब्दाला भुलू नका. सरकारी व्याख्येप्रमाणे २०२३ पासून किमान २ एमबीपीएस वेग असला की ते ब्रॉडबँड. त्याआधी तर ५१२ केबीपीएसलाही ब्रॉडबँडच म्हणत. म्हणजे पाटीवर १०० लिहून घरात ८ मिळाले, तरी शब्द खोटा ठरत नाही.

आणखी एक गोंधळ आमचे विद्यार्थीसुद्धा करतात. एमबीपीएस म्हणजे सेकंदाला मेगाबिट. आपण फाइल मोजतो ती मेगाबाइटमध्ये, आणि आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणून १०० एमबीपीएसच्या नेटवर १०० एमबीची फाइल एका सेकंदात उतरत नाही, निदान आठ सेकंद लागतात. फसवणूक नाही ही, पण जाहिरातीत मोठा आकडा दिसावा ही सोय तर आहेच.

आंब्याचं झाड आणि पावसाळा

डबा बसवला तेव्हा थंडीचे दिवस होते. मुलाने आमच्या ओट्यावरच्या पत्र्याच्या शेजारी, भिंतीला क्लॅम्प मारून तो बसवला. वेग मोजला, ९२ आला. घरात ईद झाल्यासारखा आनंद. अम्मांनी त्या मुलाला चहाबरोबर सांदण खायला घातलं.

जूनमध्ये पाऊस लागला आणि नेट लंगडायला लागलं. मोजलं तर कधी २०, कधी ९. आम्हाला वाटलं, पावसाच्या थेंबांनी लहरी अडत असतील. बरेच जण असंच समजतात. पण ५जी साठी मुख्यतः वापरतात त्या साधारण साडेतीन गिगाहर्ट्झच्या लहरींना पावसाच्या थेंबांचा फारसा त्रास होत नाही. त्या लहरीची लांबी असते जेमतेम साडेआठ सेंटिमीटर, आणि तिला खरा अडथळा होतो तो पाण्याने भरलेल्या दाट पानांचा. आमच्या घराच्या आणि टॉवरच्या मधोमध आजोबांनी लावलेला आंबा उभा आहे. थंडीत तो जेवढा आडवा येत होता, त्यापेक्षा भिजल्यावर कितीतरी जास्त यायला लागला.

हे नुसतं डोळ्यांनी कळत नाही, मोजावं लागतं. कंपनीच्या अॅपमध्ये किंवा राउटरच्या पानावर रेंजचा एक आकडा दिसतो, तो नेहमी उणे असतो. शून्याच्या जितका जवळ तितका बरा. उणे ८० च्या आसपास असेल तर उत्तम, उणे १०० च्या खाली गेला तर त्रास सुरू, उणे ११० म्हणजे नावापुरती रेंज. हा आकडा आपल्या साध्या गणितासारखा चालत नाही, दर दहा आकड्यांना ताकद दहा पटीने बदलते. आमच्याकडे थंडीत उणे ८४ होता, जूनमध्ये उणे १०१ झाला. फरक १७ चा, पण प्रत्यक्षात रेंज सुमारे पन्नास पट दुबळी झाली होती.

कंपनीचा माणूस म्हणाला, फांद्या तोडा. अम्मांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो पुढे काही बोलला नाही. शेवटी गावातल्याच फॅब्रिकेशनवाल्याकडून आठ फुटांचा जीआय पाइप आणून डबा पत्र्याच्या वर, झाडाच्या शेंड्याच्या एका बाजूला नेला. आकडा आला उणे ८९. पुन्हा ७०-८० चा वेग मिळायला लागला. खर्च पाइप, क्लॅम्प आणि मजुरी, झाड शाबूत.

म्हणून कोकणातल्या आपल्या लोकांना आमचं पहिलं सांगणं हे की डबा पत्र्याखाली बसवू देऊ नका. आपल्याकडे पावसाळ्यासाठी गच्चीवरही पत्रे घालायची पद्धत आहे. बसवणाऱ्याला तीच जागा सोयीची वाटते, डबा भिजत नाही म्हणतो. तो डबा भिजण्यासाठीच बनवलेला असतो. पत्रा मात्र लहरी परतवतो. आणि शक्य असेल तर बसवण्याआधी त्याच कंपनीच्या ५जी सिमचा फोन घेऊन गच्चीच्या चारही कोपऱ्यांत उभं राहून वेग मोजा. दहा फुटांच्या अंतराने आमच्याकडे दुप्पट फरक पडला होता.

विजा कडाडायला लागल्या की बाहेरच्या डब्याचा अडॅप्टर बोर्डातून काढून ठेवा. उंच पाइपवर बसलेला डबा आणि त्यातून घरात येणारी तार, एवढं सांगितलं की पुरे.

एक हजार जीबी कुठे गेले?

आता मुख्य गोष्ट. ही चूक आमचीच होती, आणि तिच्यामुळे लेकीचं वर्ष जाता जाता राहिलं.

त्याच पावसाळ्यात तिच्या अभियांत्रिकी प्रवेशाची कॅप फेरी चालू होती. कोणतं कॉलेज आधी, कोणती शाखा नंतर, असे पर्याय ऑनलाईन भरून मुदतीच्या आत पक्के करायचे असतात. तिने यादी चार दिवस घासून तयार केली होती आणि शेवटच्या संध्याकाळी भरायला बसली. आता हे शेवटच्या दिवसावर का ठेवलं, ते विचारू नका. आम्ही शाळेत मुलांना रोज सांगतो तेच आमच्या घरात कोणी ऐकत नाही.

पान उघडेना. वायफायची खूण पूर्ण, राउटरचा दिवा हिरवा, व्हॉट्सअॅपचे मेसेज येत-जात होते. अर्जाचं पान मात्र अर्धं येऊन थांबायचं. बाहेर धो धो पाऊस. आम्ही सगळ्यांनी एकमताने आंब्याला दोष दिला. राउटर तीनदा बंद-चालू केला. कंपनीला फोन लावला, त्यांनीही बंद-चालू करायलाच सांगितलं. घरात मोबाईलची रेंज एक काडी. शेवटी लेक छत्री घेऊन, लॅपटॉप प्लास्टिकच्या पिशवीत घालून शाळेच्या चढावर गेली. तिथे वऱ्हांड्यात बसून मोबाईलच्या नेटवर तिने पर्याय भरले. मुदत संपायला तासभर बाकी होता. आम्ही टॉर्च धरून उभे होतो. ती एक अक्षर बोलली नाही, आणि तेच जास्त लागलं.

रात्री परत आल्यावर आम्ही आकडा बघितला. उणे ८९. म्हणजे झाड निर्दोष होतं.

मग अॅपमध्ये वापराचं पान उघडलं. महिन्याची मर्यादा १,००० जीबी, वापरलेले १,००० जीबी, आणि बिलाचा महिना संपायला अजून पाच दिवस. मर्यादा संपली की आमच्या प्लॅनमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो. ६४ केबीपीएस म्हणजे सेकंदाला ८ किलोबाइट. दोन एमबीचं एखादं पान उघडायला चार मिनिटांच्या वर लागतात, तोवर समोरची वेबसाइट वाट बघणं सोडून देते. व्हॉट्सअॅपचा साधा मजकूर मात्र तेवढ्यातही जातो. म्हणून आम्हाला वाटत राहिलं की नेट चालू आहे.

कंपनीने सूचना पाठवल्या नव्हत्या का? पाठवल्या होत्या. कनेक्शन अम्मांच्या नावावर, घर त्यांच्या नावावर म्हणून. नोंदवलेला नंबरही त्यांचाच, बटणाच्या फोनचा. इनबॉक्समध्ये तिन्ही मेसेज न उघडलेले पडून होते : निम्मं संपलं, ऐंशी टक्के संपलं, सगळं संपलं. अम्मांना फोन येतो तेवढा उचलायचा माहीत.

पण एक हजार जीबी गेले कुठे? हिशेब केला तर पंचवीस दिवसांत एक हजार म्हणजे दिवसाला ४०. आमच्या घरात टीव्हीवर काही बघणं, मुलांचे व्हिडिओ, फोन, सगळं धरून फार तर १८-१९ व्हायला हवेत. उरलेले एकवीस-बावीस रोज कोण नेतंय? आम्हाला आधी शेजारच्या पोरांचा संशय आला. अल्लाह माफ करो, एकाला तर विचारूनही झालं.

उत्तर कुवेतमध्ये होतं. आमचे थोरले भाईजान तिथे एका दुकानाच्या काउंटरवर असतात. नेट आल्यावर त्यांनीच पैसे पाठवून अंगणात आणि ओट्यावर एकेक कॅमेरा बसवून घेतला होता, अम्मांच्या काळजीने. आम्ही फोनवर सहज विचारलं, तुम्ही कॅमेरा किती वेळ बघता? ते जरा थांबले. मग म्हणाले, "टॅबलेट काउंटरच्या आत उभा करून ठेवतो. चालूच असतो. गिऱ्हाईक नसलं की नजर जाते. अम्मा तांदूळ निवडत बसलेली दिसते."

दुकान सकाळी नऊ ते रात्री नऊ. बारा तास. एक कॅमेरा पूर्ण स्पष्ट चित्र पाठवताना साधारण २ एमबीपीएस घेतो. दोन कॅमेरे म्हणजे ४, आठने भागलं की सेकंदाला अर्धा एमबी, तासाला १.८ जीबी, बारा तासांना २१.६ जीबी. महिन्याचे झाले सुमारे ६५० जीबी. हिशेब जीबीला जीबी जुळला.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण आखातात माणूस असलेल्या प्रत्येक घराचा हा प्रश्न आहे. आपण समजतो की आपण बघतो तेवढंच नेट खर्च होतं. घरातून बाहेर गेलेला डेटाही आमच्या प्लॅनच्या मर्यादेत धरला जातो. कॅमेरा कुवेतमध्ये बघितला तरी चित्र आपल्या घरातून, आपल्या मर्यादेतून वर चढतं. आणि या सेवेत वर चढण्याचा रस्ता मुळातच अरुंद असतो. साडेतीन गिगाहर्ट्झवर टॉवर आणि डबा एकाच लहरीवर आळीपाळीने बोलतात. त्यातला बराचसा वेळ खाली उतरवण्यासाठी राखलेला असतो, थोडाच वर पाठवण्यासाठी. शिवाय आपल्या छोट्या डब्याचा आवाज टॉवरपेक्षा कितीतरी हलका. म्हणून आमच्याकडे खाली ८० मिळतात तेव्हा वर १०-१२, आणि संध्याकाळी तर २-३. तेवढ्यात दोन कॅमेरे चालू असले की मुलांच्या ऑनलाईन तासाला मास्तरांचा आवाज तुटणारच. पावसाळाभर आम्ही त्यासाठीही आंब्यालाच बोलत होतो.

भाईजान म्हणाले, बंद करतो. आवाजावरून कळत होतं की त्यांना ते जड जातंय. अठरा वर्षं झाली त्यांना तिकडे. बंद करायची गरजच नव्हती. बहुतेक कॅमेऱ्यांत चित्राचे दोन प्रवाह असतात, एक मोठा आणि एक हलका. अॅपमध्ये एचडीऐवजी साधं चित्र निवडलं की एक कॅमेरा साधारण ०.३ एमबीपीएसवर येतो. दोघांचे बारा तासांचे झाले सव्वातीन जीबी. महिन्याला ६५० च्या जागी शंभराच्या आत. चेहऱ्यावरची सुरकुती दिसत नाही, पण कोण बसलंय ते दिसतं. काही वेगळं वाटलं तर तेवढ्यापुरतं एचडी करायचं.

अम्मांना हे सगळं समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे तो दिवसभर बघतो होय मला?" दुसऱ्या दिवसापासून ओट्यावर बसताना त्या ओढणी नीट घेऊन, तोंड कॅमेऱ्याकडे करून बसतात.

कॅमेऱ्याचा विषय निघालाच आहे तर आणखी थोडं. घरातल्या बायकांना कॅमेरा कुठे आहे, कुठपर्यंत दिसतं आणि पलीकडे कोण बघतं हे आधी सांगा. त्यांना विचारून कोन ठरवा. शेजाऱ्याचं अंगण चित्रात येत असेल तर कॅमेरा वळवा, तो त्यांचा हक्क आहे. आणि कॅमेऱ्याबरोबर आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. दुकानदार बसवून देतो आणि पासवर्ड तसाच ठेवून जातो, तो त्यालाही ठाऊक असतो.

गर्दी, आणि मशिदीचे कागद

पाटीवरचा १०० चा आकडा म्हणजे 'जास्तीत जास्त'. फायबरमध्येही नेट वाटूनच येतं, पण इथे वाटणी जास्त जाणवते, कारण टॉवरची एक बाजू आसपासच्या सगळ्या घरांची आणि मोबाईलवाल्यांचीही असते. आम्ही आठवडाभर वहीत लिहून ठेवलं. फज्रनंतर ८०-९०, दुपारी ५० च्या आसपास, रात्री साडेनऊ-दहाला ११ ते १५. रमजानमध्ये तरावीह सुटली की आणखी खाली. गणपतीला आणि मे महिन्यात चाकरमानी गावी आले की तर विचारूच नका. सगळ्या मुंबईचे फोन आमच्या एका टॉवरवर येऊन बसतात. बरं वाटतं, गाव भरतं, नेट मात्र आटतं.

ही वही नंतर कामाला आली. वक्फ मिळकतींच्या नोंदीसाठी केंद्राचं उमीद पोर्टल ६ जून २०२५ ला सुरू झालं आणि नोंदींना सहा महिन्यांची मुदत होती. मुदतीच्या शेवटच्या दिवसांत आमच्या जमातीचे मुतवल्ली मशिदीचे आणि कब्रस्तानचे कागद पिशवीत घालून आमच्याकडे आले. जुना सातबारा, फेरफार, मोडीतला एक कागद, सगळं स्कॅन करून मुंबईच्या वकिलांना पाठवायचं होतं. फाइल झाली साठ एमबी. रात्री नऊला पाठवायला घेतली, अर्ध्यात तुटली. दोनदा, तीनदा. मुतवल्लींचा चेहरा उतरला. आम्ही वही काढली आणि म्हटलं, चाचा, आता घरी जा, फज्र पढून इकडेच या. सकाळी वर चढण्याचा वेग ११ होता, पाऊण मिनिटात फाइल गेली. रात्री त्याच कामाला २ च्या वेगाने, न तुटता गेली असती तरी चार मिनिटं लागली असती, आणि ती तुटतच होती.

तेव्हा हजचा अर्ज असो, प्रवेशाचा असो की शाळेची माहिती भरायची असो, पासपोर्ट आणि फोटो चढवायचं काम पहाटे करा. वेग मोजतानाही फक्त खालचा आकडा बघून खूश होऊ नका, वरचा बघा, आणि रात्री दहाला बघा.

वायफाय, लाईट आणि बिल

पुष्कळ वेळा नेट ठीक असतं, घरातलं वायफाय मार खातं. जांभ्याची दीड फुटी भिंत म्हणजे चेष्टा नाही. राउटर दोन नावं दाखवतो, २.४ आणि ५. यातल्या ५ चा मोबाईलच्या ५जी शी काही संबंध नाही, तो वायफायचा ५ गिगाहर्ट्झ. तो वेगवान, पण भिंतीपलीकडे दमतो. २.४ हळू, पण लांब जातो. राउटर घराच्या मध्यावर, उंचावर ठेवा, टीव्हीमागे किंवा कपाटात नको. मुलं ज्या टेबलावर अभ्यास करतात तिथे शक्य असेल तर लॅनची तारच ओढा. आम्ही ओढली, तीनशे रुपयांच्या आत काम झालं.

लाईट गेल्यावर नेट चालावं म्हणून आम्ही राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस आणला. लाईट गेली, राउटरचा दिवा लागलेला, नेट बंद. बाहेरच्या डब्यालाही वीज लागते, आणि ती आमच्याकडे वेगळ्या अडॅप्टरमधून केबलवाटे जाते, हे लक्षातच आलं नव्हतं. आता दोन्ही अडॅप्टर इन्व्हर्टरच्या बोर्डावर आहेत. अर्थात टॉवरचीच बॅटरी उतरली तर आपला इन्व्हर्टर काय करणार? वादळाच्या दिवसांत दुसऱ्या दिवशी तेच होतं. म्हणून घरात दुसऱ्या कंपनीचं एक सिम चालू ठेवा.

बिलाचं : पाटीवर ८०० लिहिलं असेल तर १८ टक्के जीएसटी धरून ९४४ जातात. सहा महिने किंवा वर्षाचे पैसे एकदम भरले की बसवणं फुकट म्हणतात. मोह होतो. पण तुमच्या घरी पावसाळ्यात रेंज टिकते की नाही हे कळायच्या आधी वर्षभराचे पैसे अडकवू नका. डबा आणि राउटर कंपनीचे असतात, परत करताना पोच घ्या. मर्यादा किती, संपल्यावर वेग किती उरतो, आणि मधेच डेटा वाढवून मिळतो का, हे तीन प्रश्न बसवणाऱ्याला विचारू नका. तो बसवणारा आहे, त्याला ठाऊक नसतं. अॅपवर किंवा प्लॅनच्या पानावर स्वतः वाचा. आणि नंबर घरातल्या अशा माणसाचा द्या जो मेसेज उघडून बघतो.

बिघाड झाला तर फोनवर तक्रार केल्यावर तक्रार क्रमांक मागा. तो नसेल तर तुम्ही फोन केलाच नव्हता असं धरलं जातं, आम्ही भोगलंय. पावसात चार दिवस सेवा बंद होती, पहिल्या दोन दिवसांच्या फोनची नोंदच निघाली नाही. क्रमांक असूनही दाद मिळाली नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं, हे ट्रायच्या नियमांतच आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५ वरही तक्रार नोंदवता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये दूरसंचार सेवेच्या तक्रारी ग्राहक मंचात चालतात असं स्पष्ट केलंय. तिथपर्यंत जायची वेळ आमच्यावर आली नाही.

आता 'घेऊ का?' याचं उत्तर. ज्यांच्या दारात फायबर आलंय त्यांनी फायबरच घ्यावं. तार पानांना घाबरत नाही. ज्यांच्या गावात फायबर नाही, आणि गच्चीवरून टॉवर निदान अंदाजाने समोर आहे, त्यांनी हे जरूर घ्यावं. हॉटस्पॉटवर सहा माणसांचं घर चालवण्यापेक्षा हे शतपटीने बरं. ज्यांचं घर डोंगराच्या पायथ्याशी, टॉवरच्या उलट बाजूला आहे, त्यांनी एक महिन्याच्या वर पैसे भरू नयेत.

आमच्या गावात फायबरची तार परवा शाळेच्या चढापर्यंत आली म्हणे. तिथून आमचं घर चारशे मीटर. खांब टाकायचे तर ते कुठल्या आगरातून न्यायचे यावर सध्या दोन घरांत बोलणी चालू आहेत. ती संपेपर्यंत आमचा डबा आठ फुटी पाइपवरच राहणार. जूनच्या आधी त्याचे क्लॅम्प एकदा घट्ट करून घ्यायचे आहेत.